बाबांचे आठ सूर

विजेवर सूर काढणाऱ्या माझ्या मॉड्युलर सिंथेसायझरला आई ‘तारांचं जंजाळ’ म्हणायची, आणि तशी ती मशीन होतीच. लाकडी खोक्यात बसवलेले छोटे छोटे डबे, एकातून दुसऱ्यात गेलेल्या रंगीत तारा. एक डबा आपल्या मनाने, काही ताळमेळ न ठेवता सूर निवडायचा. दुसरा ते वाजवायचा. निवडणाऱ्या डब्याचं बटण मधे असलं की दर फेरीला सूर नवे. उजवीकडे पूर्ण फिरवलं की त्या घडीला असतील तेच आठ सूर गोल गोल फिरत राहायचे. वीज तुटली की सगळं विसरायचा, मेला.

बाबांना तिचा तिटकारा. जन्मभर गाणं शिकवलेला माणूस. जिला सा कुठे आहे ते ठाऊक नाही ती कसली वाजवणार, म्हणायचे. मग त्यांना लकवा मारला. बोलणं तुटक झालं, गळ्यातून सूर निघेना. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरी शिष्य येऊन तंबोरा लावायचे आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे.

एका संध्याकाळी बँकेतून येऊन मी मशीन लावून बसले. आठ सूर असे काही वाकडे लागले की मी बटण फिरवून ते धरले. तोच पलंगावरून आवाज आला. बाबा त्या सुरांमागून गात होते. फाटका आवाज, पण गात होते! आई लाटणं हातात घेऊन दारात उभी. मला रडूच फुटलं. तंबोऱ्यासमोर त्यांना चुकायची लाज वाटत असावी. या वेड्या सुरांत चूक-बरोबर काही नव्हतंच.

मग मशीन बंद केलीच नाही. इन्व्हर्टरवर लावली. रोज संध्याकाळी बाबा गायचे, अडखळायचे, हसायचे. मी रेकॉर्ड करायला निघाले तर त्यांनी हात आडवा केला. रियाज कुणी उतरवून घ्यायचा नाही, हा त्यांचा जुना कायदा. नुसत्या मशीनचे सूर तरी उतरवून ठेवायचे, पण एवढी कुठली अक्कल! चालू आहे ती चालूच राहील, असं मी धरून चालले होते.

खंडेनवमीला आमच्याकडे वाद्यांना सुट्टी. आई तंबोऱ्याच्या तारा सैल करते, पुसते, हळदकुंकू वाहते. मी गेंद्याची फुलं घेऊन परतले तर पाटावर तंबोऱ्याशेजारी माझी मशीन. प्लग काढलेला. सगळ्या तारा उपसून, लख्ख पुसून, पूजेच्या लाल दोऱ्याने, कलाव्याने जुडी बांधलेली.

“यांचा गळा परत दिला हिने,” आई म्हणाली. “हिची पूजा नको?”

कपाळ माझं! फुलं वाहिली.

दसऱ्याला पुन्हा तारा जोडल्या. सूर आले, पण दुसरेच. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. मी बटण फिरवत राहिले, नवे आठ, पुन्हा नवे आठ. त्यांना एकही धरवेना. तेच आठ त्याच ओळीने पुन्हा यायला माझा जन्म पुरायचा नाही. काय झालं ते आईला सांगायला मी उठले, तर बाबांनी मनगट पकडलं. एकेक शब्द ओढून काढला.

“तिला… सांगू… नकोस.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी येतील ते सूर लावते आणि बाबा मशीनसमोर बसून नुसते ओठ हलवतात. स्वयंपाकघरातून आई म्हणते, मशीनचा आवाज जरा कमी कर गं, यांचं गाणं ऐकू येत नाही.

मी थोडा वाढवते.