एकादशी आणि हत्तीरोगाच्या गोळ्या

भगवान धन्वंतरीस वंदन करून आज सकाळी अंगणात घडलेले लिहितो. आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या. जुन्या दोन औषधांना आता तिसरे जोडले असून रक्तातील सूक्ष्म कृमी त्याने लवकर नष्ट होतात, हे ऐकून माझे मन हर्षाने उचंबळले. मात्रा ठरवण्यासाठी आम्ही उंचीच्या पट्टीशी उभे राहिलो.

सूनबाई मात्र मागे सरली. "माझी एकादशी आहे, आणि गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. शिवाय मला झालंय काय?"

तेव्हा माझ्या थोरल्या वहिनींनी, वर्षानुवर्षे झाकलेला आपला सुजलेला पाय लुगड्याबाहेर काढला.

"तुझ्या वयात मलाही काही झालं नव्हतं, बाई. एकादशी पंधरवड्याने परत येईल. हा पाय काही पूर्वीसारखा होत नाही."

आशाताई हसल्या. "अहो, उपवासाची भगर खा की पोटभर!"

सूनबाईने त्या पायाला नमस्कार केला, भगर खाल्ली आणि गोळ्या गिळल्या. न दिसणाऱ्या शत्रूचा माग काढणारी मानवी बुद्धी हीही ईश्वराचीच कृपा, असे मनात आले.

वाचकहो, तुमच्या उंबरठ्यावरून जाणारे-येणारे प्रत्येक पाऊल निरोगी राहो.