मागे कोन हाय?

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी एका गोदामात कारकून होतो. समोरच्या गोदामात पन्नाशीचा एक माणूस पिवळी क्रेन चालवायचा. क्रेन मागे घेण्याआधी तो स्वतःलाच मोठ्यानं विचारायचा, "मागे कोन हाय?" मग खाली उतरायचा, चाकांपर्यंत वाकून बघायचा, परत वर चढायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "कोन नाय." दिवसभर हेच. ट्रकवाले वैतागून हॉर्न वाजवत, हमाल त्याची नक्कल करत. मीही करायचो. तेव्हा हँड्सफ्री नवीन होते, म्हणून नवखे लोक आधी त्याच्या कानात वायर शोधत.

एकदा चहाच्या टपरीवर मी हसत विचारलं, "काका, मनातल्या मनात विचारलं तर चालत नाही का?"

त्यानं कपातल्या चहावर दोनदा फुंकर घातली, पण प्यायला नाही.

"चाललं की. वीस वर्षं मनातच इचारलं," तो म्हणाला. "पन मन लय आलशी, साहेब. न बघताच बोलतं, कोन नाय. त्या दिवशी माझा धाकला भाऊ डबा घेऊन आलेला. क्रेनच्याच सावलीत जेवाला बसलेला."

भरलेला कप तसाच ठेवून तो उठला. थोड्या वेळानं समोरून आवाज आला, "मागे कोन हाय?"

तो खाली उतरून एकेका चाकापाशी वाकला, आणि मगच उत्तर आलं.

त्यानंतर मी त्याची नक्कल केली नाही. पण स्वतःला जे विचारायचं ते मी अजूनही मनातच विचारतो, आणि उत्तर लगेच येतं.