रूळ ३.६ मीटर वाढतो

रेल्वेचा दहा मीटर लांबीचा रूळ तीस अंशांनी तापला तर किती वाढेल, हे गणित मी डहाणूतल्या एका ज्युनिअर कॉलेजात सलग चार वर्षं शिकवलं. उत्तर यायचं ३.६ मीटर. म्हणजे सकाळी दहा मीटर असलेला रूळ दुपारी साडेतेरा मीटरच्याही पुढे. चौथ्या वर्षातल्या एका चाचणीपर्यंत एकाही विद्यार्थ्याने, एकाही सहकाऱ्याने आणि मुख्य म्हणजे मी स्वतः याला हरकत घेतली नाही. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. आहे हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझी दया यायला नको.

आम्ही तेव्हा तलासरीला राहायचो, कारण नवऱ्याची नोकरी तिथे होती. मी एसटीने डहाणूला जायचे आणि जाता-येता गाडीतच दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करायचे. तयारी म्हणजे गाईड उघडून सोडवलेली गणितं वहीत उतरवणं. पाठ्यपुस्तक जाड होतं, बसमध्ये मांडीवर मावत नसे. शिवाय त्यात उत्तरापर्यंत स्वतः पोचावं लागे. गाईडमध्ये उत्तर आधीच पोचलेलं असायचं.

अकरावीच्या उष्णतेच्या धड्यात हे रुळाचं गणित हमखास असतं. पोलाद एका अंशाला किती प्रमाणात वाढतं तो आकडा दिलेला असतो. लांबी, तापमानातला फरक आणि तो आकडा यांचा गुणाकार केला की उत्तर हजर. मुलांना हे गणित आवडायचं, कारण त्यात विचार करावा लागत नाही. मलाही त्याच कारणासाठी आवडायचं.

चौथ्या वर्षीच्या चाचणीत मी ते तीन मार्कांना टाकलं. पेपर तपासत होते, तर पेपरामागून पेपर ३.६ मीटर, ३.६ मीटर. मी समाधानाने बरोबरच्या खुणा करत गेले. मग एक पेपर आला, त्यातही ३.६ मीटर होतं, पण त्याखाली मराठीत लिहिलं होतं, "उत्तर येतंय पण बरोबर वाटत नाही. मी रोज स्टेशनच्या पुलावरून येते. खालचे रूळ सकाळी आणि दुपारी तेवढेच दिसतात."

पेपर इंग्रजीत, शिकवणं मराठीत आणि शंका कुठल्याच भाषेत नाहीत, अशी आमची पद्धत होती. ती मोडल्याबद्दल मी अर्धा मार्क कापला आणि लाल शाईत शेरा मारला, 'अवांतर लेखन टाळावे.' अक्षर फार वळणदार आलं होतं, ते अजून आठवतं.

पेपर वाटले त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. दुसऱ्या बाकावर बसणारी, हजेरीला "येस मॅडम" एवढंच बोलणारी.

"मॅडम, अर्धा मार्क का गेला?"

"जास्तीचं लिहिलंस म्हणून. प्रश्नात दिलंय तेवढंच वापरायचं असतं."

"पण प्रश्नातच चूक असेल तर?"

"प्रश्नात चूक नसते," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की आजही मला त्याचा धाक वाटतो.

"मग रुळाची चूक असेल," ती म्हणाली आणि गेली. आवाजात उद्धटपणा नव्हता. असता तर मला रागावता तरी आलं असतं.

संध्याकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काही बघवेना. दहा मीटर म्हणजे किती, हे मी पहिल्यांदा डोळ्यांसमोर आणलं. समोरच्या काचेपासून मागच्या सीटपर्यंत आमची एसटी साधारण तेवढीच असेल. ती उन्हात उभी राहून साडेतीन मीटरने लांब झाली, तर कंडक्टरला किती चालावं लागेल, याचा हिशोब मी चारोटीपर्यंत करत बसले. घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता कपाटावरचं पाठ्यपुस्तक काढलं. धूळ झटकली. तक्त्यात पोलादासमोर १.२ गुणिले दहाचा उणे पाचवा घात असं स्वच्छ छापलं होतं. गाईडमध्ये उणे पाचच्या जागी उणे दोन होतं. खरं उत्तर ३.६ मिलिमीटर. मी हजारपट चुकले होते, तेही चार वर्षं, दर वर्षी एकदा फळ्यावर आणि एकदा पेपरात.

त्या चार वर्षांतला एक विद्यार्थी रेल्वेत लागल्याचं मला कोणीतरी सांगितलं होतं. कुठल्या खात्यात, हे विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते सगळंच शांतपणे ऐकून घेत.

"सगळ्यांचं उत्तर सारखंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर, पण सगळ्यांचंच चूक आहे."

"मग कोणावर अन्याय झालेला नाही. विषय मिटला."

"सर, माझी चूक आहे. वर्गात सांगायला हवी."

"मॅडम, आज एक चूक कबूल केलीत, तर मुलं बाकीच्या शोधायला लागतील." मग त्यांनी मला चहा मागवला. यातून मी विषय मिटला असं समजायचं होतं.

मी मात्र तास सुरू झाल्यावर फळ्यावर गणित लिहिलं, चुकीचा आकडा खोडला आणि खडू त्या मुलीच्या हातात दिला. तिने गुणाकार केला, उत्तर लिहिलं. मी कंपासमधली पट्टी घेऊन सगळ्यांना साडेतीन मिलिमीटर म्हणजे केवढं ते दाखवलं. वर्गाची घोर निराशा झाली.

"एवढंसंच?" कोणीतरी म्हणालं. "मॅडम, आधीचं भारी होतं."

"हे गणित गेली चार वर्षं मी चुकीचं शिकवत होते," मी म्हणाले. हे वाक्य मी बसमध्ये बऱ्याचदा घोकलं होतं. वर्ग गंभीर होईल, दोघे-तिघे तरी हळहळतील, अशी माझी कल्पना होती.

"मॅडम, म्हणजे आमचे मार्क कमी होणार?"

"नाही होणार."

सगळे सुटकेने मागे टेकले. माझ्या पश्चात्तापाचं काम तिथे संपलं होतं. तरी मी विचारलंच, "तुमच्यापैकी आणखी कोणालाच हे विचित्र वाटलं नाही?"

मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "वाटलं होतं, मॅडम. पण तुम्हीच फळ्यावर तसं लिहिलं होतं ना."

मी चार वर्षं विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवते आहे असं समजत होते. ते भलतंच काही शिकले होते, आणि अगदी पक्कं.

त्या मुलीचा अर्धा मार्क मी परत दिला. पुढच्या चाचणीपासून प्रत्येक गणिताखाली एका मार्काचा प्रश्न घालायला लागले, 'हे उत्तर तुम्हाला पटते का?' सुधारणा करायची तर अशी, असं मला वाटलं होतं. पहिल्याच वेळी एक पेपर सोडला तर सगळ्या वर्गाने सगळ्या गणितांखाली 'हो, पटते' लिहून मार्क वसूल केले. एकाने चुकीच्या उत्तराखाली 'खूप पटते' लिहिलं. एक पालक प्राचार्यांकडे गेले, हे अभ्यासक्रमात नाही म्हणून. प्राचार्यांनी त्यांनाही चहा मागवला.

त्या पेपरात बर्फाचं एक गणित होतं. तीस अंशांच्या दोनशे ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा पन्नास ग्रॅम बर्फ टाकला, बाहेरून उष्णता येत नाही असे समजा, तर शेवटचं तापमान किती? दुसऱ्या बाकावरच्या मुलीने आठ अंश हे बरोबर उत्तर काढलं होतं. खाली लिहिलं होतं, "पटत नाही. माझी आई बर्फात मासळी घालून वाणगावला विकायला नेते. पोचेपर्यंत निम्मा बर्फ गेलेला असतो. बाहेरून उष्णता येत नाही असं आम्ही कितीही समजलो तरी."

मी तो मार्क दिला, आणि लाल पेन बाजूला ठेवून पेन्सिलीने खाली लिहिलं, 'किती वेळात किती जातो, ते मोजून आणशील का?'

रविवार गेला आणि सोमवारी तिने वहीचं एक पान आणून दिलं. दर अर्ध्या तासाला बर्फाचं वजन, एकदा उघड्या टोपलीतलं, एकदा ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. आईने सुरुवातीला तिला हाकलून दिलं होतं, मग स्वतःच काटा धरला होता. पान खारट वासाचं आणि कोपऱ्यात ओलं होतं, आकडे मात्र नीट होते. गोणपाटातला बर्फ बराच जास्त टिकला होता.

"आता आई काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, हे मला आधीपासून माहीत होतं, तुमच्या कॉलेजला आत्ता कळलं का?"