माझा दम आणि तिची चप्पल

माझ्या बायकोच्या चपला जन्मभर खराब निघाल्या. एक धड नाही! रबराची घ्या, चामड्याची घ्या, अंगठा निघायचाच. आणि निघायचा तोही नेमका जिन्यात.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भाजी आणली. शिरवण्यात आमचं घर तीन मजली. खालचे दोन मजले भाडेकरूंना, वर आम्ही. (घर बांधताना सगळे सांगत होते, म्हातारपणाचा विचार करा, खाली राहा. मी म्हणालो, "जिन्याला कोन घाबरतो? आपल्याला दम हाय!") त्या दिवशी मेथीच्या दोन जुड्या, पाव किलो मिरच्या आणि एक दुधी घेऊन आम्ही चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर सुगंधा थांबली. कठडा धरून वाकली.

"काय झाला?"

"अंगठा निघाला चपलेचा."

"परत? अगं, गेल्या महिन्यात तर नवी घेतली!"

"मंग मी काय करू? तुमी टेका जरा."

मी पायरीवर टेकलो. दुधी मांडीवर घेतला. ती चपलेशी खुडबुड करत राहिली, चांगली पाच मिनिटं. मग मात्र माझं डोकं फिरलं. "उद्या सकाळीच ही गणपतकडं नेतो! पयलं काम!" (गणपत म्हणजे आमच्या नाक्यावर चपला शिवतो तो.)

"राहू द्या वो. एवढा काय नाय झाला तिला."

"नाय! नेनार म्हंजे नेनार!"

ती हसली. वर जाऊन मेथी निवडली, जेवली, दुपारची आडवी झाली, ती उठलीच नाही.

त्यावर मला जास्त लिहायला जमणार नाही. मी लिहितोय ते चपलेचं हे दुखणं सुरू कुठं झालं त्याबद्दल. त्यात चूक माझी होती. म्हणजे माझ्या दमाची होती.

सत्तर साल उलटून गेलं होतं. नव्या शहरासाठी सरकारनं आमची शेतं घेतली आणि मी नांगर सोडून महाप्याला एका कारखान्यात हेल्पर लागलो. रोज सायकलनं जायचं. सहा मैल जाणं, सहा मैल येणं, आणि येताना वारा तोंडावर, म्हणजे त्या सहाचे बारा धरा! ठाणे-बेलापूर रस्त्यावर मी ट्रकला मागं टाकायचो. (ट्रक पंक्चर होऊन उभा असायचा, ते वेगळं.) दोन वर्षांत छाती अशी झाली की कारखान्यात पोचलो तरी श्वास जागेवर! तेव्हा मी एक शोध लावला. माणसाच्या छातीत दमाची एक टाकी असते. ती एकदा भरली की झालं! मग पळा, पोहा, माडावर चढा, काहीही करा. टाकी एकच, नळ वेगळे. मी चौथी शिकलेला, पण हा शोध जेवणाच्या सुट्टीत सगळ्या खात्याला शिकवला.

घरी सुगंधालाही शिकवला. ती म्हणाली, "बरा. मंग विहिरीवरून दोन हंडे पानी आना."

"ते बायकांचं काम!"

"म्हंजे तो नळ बंद हाय."

तिचं माहेर खाडीकाठी, आमच्यापासून सायकलवर दोन तास. बाप मिठागरात कामाला. मिठागराचा वाफा म्हणजे साधी जमीन नव्हे, ताट समजा. तळ असा घट्ट हवा की खारं पाणी मुरलं नाही पाहिजे. म्हणून पाणी घ्यायच्या आधी तो तळ पायांनी तुडवतात. माणसं ओळीनं उभी राहतात, एकमेकांच्या कमरेला हात, सगळ्यांच्या टाचा एकदम पडायच्या. बोटभर सरकायचं, परत टाच. पुढं एक जण गाणं सांगतो, त्या तालावर पाय. एकाचा ताल चुकला की ओळ फाटली, ओळ फाटली की तळाला भेग.

हे गाणं सांगायचं काम माझ्या सासऱ्यांचं. आणि त्या वर्षी ऐन वेळेला त्यांच्या पायात शिंगाळ्याचा काटा घुसला. (शिंगाळा हा मासा खायला गोड, चावत नाही, पण टोचायला वाईट.) पाय सुजून भोपळा, अंगात ताप, आवाज बसलेला. शेवटचे दोन वाफे राहिले होते. उधाणाचं पाणी दुसऱ्या दिवशी घ्यायचं. त्याआधी संध्याकाळी मालकाचा मुकादम येणार, वाफ्यात टाच मारून बघणार. टाच रुतली तर वाफे दुसऱ्याला! आणि त्या वाफ्यांवर सासऱ्यांच्या घरची चूल पेटत होती.

निरोप आला. रविवार होता, मला सुट्टी. सुगंधा एकटीच निघाली होती. मी म्हणालो, "मी पन येतो तुडवायला."

"तुमी? अवो, ते सायकल चालवन्यासारखा नाय."

"टाकी एकच, सुगंधा! टाकी एकच!"

तिला कॅरियरवर बसवून दोन तास सायकल हाणली. पोचलो तेव्हा मला साधी धाप नव्हती. मेव्हणा काशिनाथ बघतच राहिला. "भावजी, जरा बसा, चा घ्या."

"चहा काम झाल्यावर! कुठं तुडवायचं ते दाखव."

बांधावर बाजेवर पडलेल्या सासऱ्यांनी हात जोडले. (ते माझ्या नाही, देवाच्या पाया पडत होते, हे मला नंतर समजलं.)

गाणं सांगायला कोणी नाही, नुसत्या मोजणीवर ओळ लागली. सासू, सुगंधा, शेजारची दोघं, काशिनाथची बायको, काशिनाथ आणि टोकाला मी. पहिली पंधरा मिनिटं मी राजा होतो! सगळ्यांचे श्वास वाजत होते, माझा नाही. मी सुगंधाला ओरडून सांगितलं, "बघ! दम लागला काय मला?"

"पाय बघा, पाय!"

पायाकडं बघितलं तर पोटऱ्या आपोआप उडत होत्या, कढईत कोळंबी उडते तशा. श्वास एकदम झकास, पण टाच उचलायची म्हटलं की उचलेना. सायकलला मांडी लागते हो! पोटरीला आजवर मी कधी काही विचारलंच नव्हतं. ती आज बोलली.

पण जावई म्हटलं की सांगायची सोय नाही. मी तसाच ओढत राहिलो. बाकीच्यांची टाच पडायची तेव्हा माझी वर, त्यांची वर तेव्हा माझी खाली. ओळ सापासारखी वळायला लागली.

"भावजी, ताल!"

"तुझाच चुकतोय, काश्या!"

एवढं बोललो आणि दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळा आला. मी उताणा पडलो असतो तरी बरं होतं. मी तोंडावर पडलो! काशिनाथची कमर मी सोडली नाही, म्हणून काशिनाथ पडला. त्यानं बायकोची सोडली नाही. नुकत्याच तयार केलेल्या गुळगुळीत तळावर तीन माणसं सपाट! मला उठवलं तर खाली माझी अख्खी मूर्ती उमटलेली. नाक, पोट, गुडघे, सगळं.

सासरे बाजेवरून ओरडायला गेले. आवाज नव्हता, नुसता वारा निघाला.

काशिनाथची बायको रडायला लागली. "आता झाला! सकालपास्नंचा सगला गेला. मुकादम येल आता!"

मी चिखलात बसून होतो. मला पहिल्यांदा भीती वाटली. पडायची नाही. माझ्या टाकीपायी या माणसांचे वाफे जाणार, याची.

सुगंधा आली. मला वाटलं, आता ऐकवणार. तिनं माझ्या दोन्ही बगलांत हात घालून मला बांधावर ओढलं (मिठाची पाटी वाहून वाहून तिचे हात असे, की मी पाटीसारखाच आलो), एक रिकामा पत्र्याचा डबा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "दम हाय ना? मंग गाना सांगा. बाबाचा आवाज बसलाय. आमाला ताल कोन देनार?"

"मला तुमची गाणी येत नाहीत."

"तुमच्या कारखान्याची सांगा!"

मी डबा बडवला. सुचेल ते ओरडलो. "महाप्याचा भोंगा वाजला गो!"

ओळीतून सुगंधानं लगेच उत्तर दिलं. "जावय चिखलान गाजला गो!"

सगळी ओळ हसली, आणि सगळ्यांच्या टाचा एकदम पडल्या. धप्प!

मग मी थांबलो नाही. सुपरवायझर, भोंगा, डबा, कँटीनची आमटी, सगळं गाण्यात घातलं. तीन तास! एकदाही श्वास कमी पडला नाही. खरं सांगतो, तिथं सायकलचा दम कामाला आला. सुगंधा मधेच ओरडली, "अवो, तुमच्या टाकीचा हा नळ चालू हाय बघा! तोंडाचा!"

दिवस कलला तेव्हा मुकादम आला. एक वाफा फिरला, दुसरा फिरला, आणि नेमका माझ्या मूर्तीच्या डोक्याच्या जागी उभा राहिला. टाच मारली. आम्ही सगळे त्या टाचेकडं बघतोय! परत मारली. रुतली नाही.

"ही जागा जास्तच घट्ट हाय," मुकादम म्हणाला.

"तिथं आमच्या घरच्याचा डोका आपटला," सुगंधा म्हणाली.

वाफे राहिले. सासऱ्यांनी मला जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि बसक्या आवाजात म्हणाले, "जावय, पुढच्या टायमाला नुसता गायाला या."

सासऱ्यांच्या घरी निघालो तर पोटऱ्या लाकूड झालेल्या. दहा पावलं टाकली की कळ मस्तकात. सायकल काशिनाथनं धरली. आणि विहिरीवर गावातल्या सगळ्या बाया, महाप्याचा भोंगा गाणारा जावई बघायला थांबलेल्या! मी दात खाऊन चालत होतो. आता बसणारच, इतक्यात सुगंधा थांबली.

"मेली चप्पल! अंगठाच निघाला!" केवढ्यांदा ओरडली! तिथंच खाली बसली, चपलेला शिव्या घालायला लागली. सगळ्या बाया तिला हसल्या. मी बाजूच्या दगडावर टेकून घेतलं. वर शहाणपण केलं, "बघा, हिला चप्पल सांभाळता येत नाय, संसार काय सांभाळनार!"

घरापर्यंत तो अंगठा चार वेळा निघाला. तेव्हापासूनच तिच्या चपलांचं हे सुरू झालं, ते काही केल्या बरं झालं नाही.

तर, ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. मी तिची चप्पल उचलली आणि जिना उतरलो. नेनार म्हंजे नेनार, असं बोललो होतो.

गणपतनं चप्पल घेतली, उलटी केली, अंगठा ओढून बघितला, वाकवून बघितला.

"काका, काय करायचा हिला?"

"अंगठा निघतोय. टाका मार."

"कुठं निघतोय? अजून पाच वर्सं हलनार नाय." तो चप्पल फडक्यानं पुसायला लागला. "काकी चपला लई सांभालतात, काका. इतक्या वर्सांत एकदा पन माझ्याकडं आल्या नाय."

मी चप्पल घेतली आणि परत फिरलो. जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर आलो आणि माझी टाकी संपली. कठडा धरून वाकलो. वरून, आमच्याच घरातून, भाडेकरूबाई उतरत होत्या. त्या घाबरल्या.

"काका! दम लागला का?"

"मला? दम? चपलेचा अंगठा निघालाय!" मी ओरडलो.

बाईंनी माझ्या पायांकडं बघितलं. मीही बघितलं. मी सकाळपासून अनवाणीच फिरत होतो.