आधी बाटली दाखवा

"आधी बाटली दाखवा!" कोणाच्याही हातात सुई दिसली की आमच्या सिस्टरबाई हेच म्हणायच्या. डॉक्टरांनाही म्हणायच्या, आणि डॉक्टर निमूट दाखवायचे.

नंदनवन वस्तीतल्या त्या त्वचारोगाच्या दवाखान्यात एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी केसपेपर लिहायचे. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या. त्या हसल्या की बाहेरच्या बाकावरचे पेशंटही कारण न कळता हसायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्या वर्षी माझ्या शेजारच्या नलूचं लग्न ठरलं. होणाऱ्या सासूबाई "पोरगी सुकल्यासारखी दिसते" म्हणाल्या, तेव्हापासून नलू आरशासमोर गाल फुगवून उभी राहायची. एका सकाळी तिच्या आईनं सांगितलं, "स्टेशनजवळच्या लॉजवर कोणी डॉक्टर आला आहे, सुईनं गाल भरून देतो. नलू तिकडेच गेली."

मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्यांचं हसू मावळलं. "असंच तेलकट औषध भरून एक बाई आली होती वं आपल्याकडे. गालात नुसत्या गाठी! काढताही येईनात. चाल, रिक्षा थांबव!"

लॉजवर नलू खुर्चीत डोळे मिटून बसलेली. सफारीतला माणूस सुई भरत होता.

"आधी बाटली दाखवा."

"इम्पोर्टेड माल है, बहनजी."

"मंग नाव काहून नाही त्याच्यावर? पोरीच्या हातावर टोचून पाहिलं का? सुई नसेत गेली, गाल काळा पडला, तर काय करान?"

"कुछ नहीं होता!"

"असं? मंग पहिले तुमच्या गालात. आणा ती सुई इकडे!"

बाई एक पाऊल पुढे, तो दोन मागे. शेवटी तो पलंगावर चढला, पलीकडे उतरला आणि चपला सोडून जिना उतरून पळाला. आम्ही तिघी पोट धरून हसलो.

परतताना मात्र नलू रडू लागली. "आता माझ्या गालांचं काय?"

बाईंनी तिचे गाल दोन्ही हातांत धरले. "आत्ता हसत होती तेव्हा पाह्यले मी. मले तर लई आवडले."

लग्नात नलू भरपूर हसली. बाईंनी तर सासूबाईंनाच फुगडीला ओढलं. त्या आधी लाजल्या, मग सोडेनात.

पुढे बाई निवृत्त होऊन खाप्याला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मला त्या मांडवातच दिसतात. अंबाडा सुटलेला, पदर उडतोय, आणि सासूबाई ओरडताहेत, "अवं, पुरे आता, चक्कर येऊन राहिली!" बाई आणखी जोरात फिरताहेत.