पारोसं जाऊ नये

डॉक्टरकडे आणि देवळात पारोसं जाऊ नये, असं शेवंतीच्या आईनं तिला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. त्या शिकवणीनं तिचा घात केला. निम्मा दोष मात्र माझा.

ठाण्यात बाळकुमच्या आमच्या इमारतीत ती माझ्या समोर राहते. खोपट डेपोत कंडक्टर. एकोणीस वर्षं हलत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली, आता कंबर चार वर्षं सलग दुखतेय. डेपोवाले म्हणाले, सरकारी दवाखान्याचं पत्र आणा, सोमवारपासून टेबलावरचं काम देतो. नाही आणलंत तर बसवर या, नाहीतर बिनपगारी घरी बसा.

बुधवारी ती गेली. कडक इस्त्रीची सुती साडी, वेणीत अबोलीचा गजरा. वाकता येत नाही म्हणून निऱ्या तिची मुलगी प्राची घालते, त्या साडीला तासभर लागला होता. रांगेत दोन तास उभी राहिली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि खाली ठेवला.

"यात काही नाही. वयाचं असतं हे. वजन कमी करा."

"पण साहेब, उभं राहवत नाही हो."

तेव्हा नर्सबाई मान न वळवता म्हणाली, "इतकं दुखत असतं तर एवढं नटून आला असतात का?"

घरी आल्यावर तिच्या तोंडून हे ऐकून माझं डोकं फिरलं. माझी मेलीची अक्कल अशी, की चूक त्यांची आणि सुधारायला निघाले शेवंतीला. म्हटलं, "अगं, या लोकांना दुखणं दिसावं लागतं. केस विंचरू नकोस. घरातल्या गाऊनवर ओढणी घे आणि जरा कण्ह."

"शी, काकू, असं कसं जायचं?"

पण शुक्रवारी मीच तिला तशी घेऊन गेले. रांगेत ती सारखी ओढणी सारखी करत होती. ओळखीची एक बाई दिसली तर माझ्यामागे लपली. आत गेल्यावर तिला कण्हता येईना, नुसती रडायला लागली. डॉक्टरांनी प्रथमच मान वर करून नीट पाहिलं. मला वाटलं, जमलं!

"घरी काही टेन्शन आहे का?" ते म्हणाले आणि केसपेपरवर मानसोपचार विभागाचं नाव लिहून मोकळे झाले. कंबरेला हातही लावला नाही. पत्राचं विचारलं तर पुढच्या नंबरला हाक मारली.

सोमवारी पहाटे तिचं दार वाजलं. खाकी गणवेश, केस चापूनचोपून बसवलेले, आणि प्राची खाली बसून तिच्या बुटांची नाडी बांधत होती. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"काकू, दवाखान्यात पुन्हा जाईन," ती म्हणाली. "पण नीट जाईन. तुम्ही चला सोबत, फक्त मला काही शिकवू नका."

मग कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. मध्येच थांबायची, डोळे मिटायची. आमचा दुसरा मजला. खाली पोचायला तिला अकरा मिनिटं लागली. मी वर उभी राहून घड्याळ बघत होते. चार वर्षांत तिच्या दुखण्याकडे नीट पाहायची माझीही ती पहिलीच वेळ होती.