काट्यावरचा खोटा आकडा

विद्यापीठाच्या आहारशास्त्र विभागातल्या शिपायाला सगळे मामा म्हणायचे. मुलं काय खातात, किती चालतात-पळतात याची पाहणी विभाग दर सहा महिन्यांनी करायचा, तेव्हा मुलांची वजनं करून लिहून ठेवणं मामांकडे असायचं. एकवीस वर्षं त्यांनी ते काम चोख केलं.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाची एक मुलगी काट्यावर उभी राहिली. रोज सकाळी मैदानाला दहा फेऱ्या मारायची, पण मेसमध्ये कधी दिसायची नाही. काटा सत्तेचाळीस किलो दाखवत होता, पण मनगट तर काडीसारखं झालेलं. ती उतरली तसं जाकिटात काहीतरी खणखणलं. मामांनी नुसतं खिशाकडे पाहिलं. तिने व्यायामशाळेतल्या वजनाच्या दोन लोखंडी चकत्या बाहेर काढल्या.

“मामा, खरं लिहू नका ना. घरी कळवतील, माझं पळणं बंद करतील.”

तिचे डोळे भरून आले आणि मामा विरघळले.

“परीक्षा झाली की नीट जेवशील?”

“शप्पथ.”

त्यांनी चकत्यांसकटचं सत्तेचाळीसच लिहिलं.

तीन आठवड्यांनी ती मैदानावरच कोसळली. जीव वाचला, पण हृदय कायमचं अधू झालं. मामा दवाखान्यात गेले, तेव्हा तिची आई विभागाचा कागद हातात धरून बाकावर बसली होती.

“वजन तर बरं होतं हो. मग असं कसं झालं?”

गप्प बसणं सोपं होतं. मामांनी सगळं सांगून टाकलं.

आईने कागदाची घडी घातली. “तुम्हाला लेक आहे?”

“नाही.”

“तरीच,” ती म्हणाली आणि उठून आत गेली.